पॉइंटच्या पुढचं

गंगापूर रोडवरच्या त्या ड्राफ्ट्समन बाईंचं नाव मी विचारलंच नाही. दादा आणि मी जमिनीच्या वाटणीचा नकाशा काढून घ्यायला गेलो होतो. स्क्रीनवर चौरस मीटरचे आकडे आले आणि दादाच्या कपाळावर आठी पडली. "माझं कमी दिसतंय."

बाईंनी चष्मा वर सरकवला, क्षेत्रफळ दाखवणारी स्क्रिप्ट उघडली आणि तिच्या कोडमधल्या दोन ओळी बदलल्या. आता गुंठे दिसू लागले. दादाचे अकरा, माझे अकरा.

"पॉइंटच्या पुढचं?" दादाने विचारलं.

"छापील नकाशात येईल. स्क्रीनवर मी दाखवत नाही. भावंडांची भांडणं तिथूनच सुरू होतात," म्हणत त्यांनी बडीशेपेची डबी पुढे केली.

दादाने चिमूटभर घेतली आणि डबी माझ्याकडे सरकवली. बाबा गेल्यापासून त्याने मला काही दिलं ते तेवढंच.