अर्धी पात

"बस की तितंच! लुगडं हायेच पुसायला!"

मालक बांधावरून वरडला, आन् खुरपणाऱ्या साऱ्या बाया हसल्या. मी खुरपं धरून उकिडवी बसलेली. लुगडं मागून भिजलं व्हतं. शेजारच्या पातीला, खुरपायच्या वळीला, माही जाऊ व्हती. ती सुदिक हसली. मालक हसला की हसावं लागतं, हे मला कळतं. तरी तिचं हसणं लय लागलं मला.

मला संग्रहणी व्हती, जुलाबाचं जुनं दुखणं. दुसऱ्या बाळंतपणात लागली ती लागलीच. पोटात मुरडा उठला की उठावंच लागतं, त्याला येळ-काळ न्हाई. ताडकळसच्या बाजारात एक हकीम बसायचा. तो म्हणला, "तिखट सोड. जवारीच्या कण्या मऊ शिजव, ताजं ताक घाल, वर सुंठ. दुखणं जाणार न्हाई बाई, पर दबून ऱ्हाईल."

कण्या घरच्या. ताक कुठलं? आमच्या दारात शेळी बी न्हाई. आन् ताक कुणी इकत न्हाई, मागूनच आणायचं. म्हून येरवाळी, दिस उगवायच्या आदी, मालकिणीचा गोठा लोटायची, मंग ती वरून, शिवू न देता, माह्या गाडग्यात ताक वतायची. त्या ताकावर माहं पोट दुपारपातूर गप ऱ्हायचं. लाज वाटायची. दुखण्यापुढं लाजंचं काय चालतंय?

मालकाच्या रानात कायदा असा, की एकदा पात धरली की बांध लागल्याबिगर उठायचं न्हाई. एक उठली की दुसरी उठती म्हणं. लुगडं भिजलं त्या दिशी मी आदी हात जोडले व्हते. "मालक, जाऊन येते." तो म्हणला, "पात बांधाला लागू दे." निजाम गेला तवा ह्याच माणसानं गावात गूळ वाटला व्हता, आता आपलं राज आलं म्हून.

सांजच्याला वढ्यात लुगडं धुतलं. धुता धुता लय रडले. नवऱ्याला काय सांगू?

दुसऱ्या दिशी परत तेच रान, परत मुरडा. मी खुरपं खाली ठिवलं आन् उभी ऱ्हायले.

"कुठं जायलीस?"

"परसाकडं."

"अर्धी पात टाकून?"

माह्या तोंडातून निघून गेलं, "मालक, बैल मुतायला लागला तर तुमी औत थांबवता. मी बैलापरीस बी खाली हाय का?"

कुणी हसलं न्हाई. माह्या मागं कुणी उठलं बी न्हाई.

"उद्यापासनं ताक बंद," मालक म्हणला.

"करा बंद," म्हणले आन् परसाकडं गेले.

ताक बंद झालं. कोरड्या कण्या खाऊन मी वाळले, अंगातलं रगत गेलं, एकदा तर खाटंवरून उठवंना. दुखणं आजून हाय. पर तवापासनं कुणाच्याबी रानात गेले की खुरपं हातात घ्यायच्या आदी सांगते: माहं पोट आजारी हाय. मी मदीच उठणार. इचारणार न्हाई. जमत आसंल तर कामाला लावा, न्हाईतर ही मी चालले.