तिकीट काढून या

एकार्ट वीडेनरोट हा धुराडी साफ करणाऱ्याचा मुलगा, आणि एकोणिसाव्या वर्षापर्यंत तो स्वतःही तेच काम करायचा. हालेनरोडेच्या उतरत्या छपरांवर बसून तो गायचा आणि खाली अंगणात बायका हातातलं काम थांबवून ऐकायच्या. धुराडीवाला रस्त्यात भेटला की त्याच्या काळ्या कोटाच्या बटणाला बोट लावायचं, म्हणजे नशीब उघडतं, असं तिथे सगळे मानतात. एकार्टच्या बटणांना अर्ध्या गावाने हात लावला असेल. सगळ्यांचं उघडलं, याचंच तेवढं राहिलं.

संगीत शाळेत त्याला खालच्या पट्टीचा गायक म्हणून घेतलं. पुढे बारा-तेरा वर्षं त्याने लहानसहान गावांच्या ऑपेरात निरोपे, पहारेकरी आणि नायिकेचे काका गायले. चौतिसाव्या वर्षी एका म्हाताऱ्या शिक्षिकेने त्याचं गाणं मधेच थांबवलं आणि म्हणाली, "अहो, तुम्ही चुकीच्या मजल्यावर राहताय. वर चढा." त्याने चार वर्षं घासली आणि वरच्या पट्टीत चढला. जर्मन वीरनायकाचा आवाज ही चीजच वेगळी आहे. समोर नव्वद वाद्यं गर्जत असतात, त्यांच्यावरून पाच तास गायचं, आणि शेवटच्या अंकात पहिल्या अंकापेक्षा ताजं वाटायचं. असा आवाज पिकायला चाळिशी यावी लागते. नायक मात्र अठरा वर्षांचा असतो, अंगावर कातडं पांघरून खडकांवर उड्या मारतो, आणि चाळिशीत माणसाचे गुडघे कुरकुरायला लागलेले असतात.

अडतिसाव्या वर्षी एकार्ट आपल्याच गावच्या ऑपेरात वीरनायक म्हणून नोकरीला लागला. तिथे करार एका हंगामाचा असतो. काढायचं नसेल तर कुणी काही बोलत नाही, करार आपोआप पुढे सरकतो. पंधरा हंगाम भरून करार पुढे सरकला की मग मात्र काढता येत नाही. हा नियम कलावंतांच्या भल्यासाठी केला होता म्हणतात. झालं उलटंच. चौदा हंगाम भरत आले की सगळीच ऑपेरागृहं त्या माणसाकडे वेगळ्या नजरेने बघायला लागतात.

नोकरीच्या नवव्या वर्षी एका मोठ्या शहराने एकार्टला आवाज ऐकवायला बोलावलं होतं. त्याच दिवशी इथे खेळ होता आणि बदली माणूस मिळत नव्हता. "माझ्या गावाला मी तोंडघशी पाडणार नाही," असं म्हणत तो गेला नाही. बायकोने तेव्हाच सांगितलं होतं, "तुझं गाव तुला विचारत नाही रे." पुढे दोन वर्षांनी तीही सोडून गेली. त्यानंतर त्याला ते ऑपेरागृहच उरलं. त्याला पंधरा वर्षं भरायची होती, एवढंच. पन्नाशी ओलांडलेल्या वीरनायकाला दुसरीकडे कोण ठेवणार?

चौदाव्या हंगामाचा जुलै उजाडला. पंधराव्या हंगामानंतर काढायचं असेल तर एक हंगाम आधी, त्याच महिन्यात सांगावं लागतं, आणि त्याआधी कलावंताला समोर बसवून त्याचं म्हणणं ऐकावं लागतं. कँटीनमध्ये थट्टेला ऊत आला होता.

"एकार्ट, पत्रांच्या खणात हात घालताना हातमोजा घालत जा हं," तुतारीवाला म्हणाला.

"घालतो की. आणि तू वाजवताना कधीतरी ओठ लाव," एकार्ट म्हणाला. सगळे हसले. तोही हसला, पण बटाट्याचं सॅलड त्याने तसंच ठेवलं.

महिना संपत आला तेव्हा, एका गुरुवारी, खणात पत्र आलं. सोमवारी दुपारी बारा वाजता प्रमुखांच्या खोलीत यावं, खाली सही आल्मुट केसेनब्रोक. ऑपेराच्या या प्रमुख बाईंना येऊन तीनच वर्षं झाली होती. एकार्टने पत्र दोनदा वाचलं आणि त्याचं डोकं फिरलं. चौदा वर्षं त्याने रंगमंचावर राजांपुढे, देवांपुढे मान झुकवली नव्हती, आणि आता त्या बाईच्या टेबलासमोर खुर्चीच्या कडेला बसून मला ठेवा म्हणायचं? उभ्या उभ्याच त्याने त्या पत्राच्या पाठीवर लिहिलं, "मला या बैठकीची गरज नाही. मी गयावया करत नसतो. माझं काम पाहायचं असेल तर तिकीट काढून या." खाली तारीख घातली, सही ठोकली आणि कागद स्वतः नेऊन कार्यालयात दिला. घरी जाताना तो शीळ घालत होता. रंगमंचावर शीळ घालणं अशुभ मानतात, रस्त्यावर चालतं.

शुक्रवारी हे रोसविताला कळलं. रोसविता तिथली प्रॉम्प्टर. रंगमंचाच्या पुढच्या खोक्यात बसून चौदा वर्षं तिने त्याला प्रत्येक ओळ आधी पुटपुटून दिली होती, आणि कलावंतांच्या संघटनेचं कामही तीच बघायची. दोन दिवस ती बहिणीकडे गेली होती.

"पत्र कधी मिळालं तुला?"

"काल."

"आणि बैठक सोमवारी. अरे गाढवा, पाच दिवस आधी हातात पडायला हवं ते! चारच होतात. बोलावणंच रद्द, आणि सोमवारनंतर त्यांना नवी बैठक घ्यायला मुदत नाही. तू नुसता गप्प बसला असतास तरी इथे कायमचा पक्का झाला असतास."

"मग आता सांगू या की उशीर झाला म्हणून."

"काय सांगू, माझं कपाळ? बैठक नको असं तूच लिहून दिलंस ना! बैठकच नको म्हटल्यावर बोलावणं कधी आलं याला कोण विचारतो? पाचही तास तुला शब्द मी देते. हे चार शब्द लिहायच्या आधी विचारायचं तरी!"

एकार्टला रडू आलं. महिनाअखेर काढल्याचं पत्र आलं, अगदी नियमाप्रमाणे. पंधरावा हंगाम तो पुरा गायला, आणि चांगला गायला. गळ्यात तेवढं इमान शिल्लक होतं. शेवटच्या खेळानंतर केसेनब्रोकबाईंनी फुलं दिली. एकार्टच्या जागी आणलेला थोरबेन एकोणतीस वर्षांचा होता, उंच, खांदे रुंद आणि गुडघे शाबूत.

एकार्ट भावाच्या धुराड्यांच्या धंद्यात फोन घ्यायला बसला. अधूनमधून दफनभूमीतल्या प्रार्थनाघरात गायचा. मेलेली माणसं तक्रार करत नाहीत, असं तो म्हणायचा.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी सकाळी फोन वाजला.

"धुराडं की शेगडी?" त्याने विचारलं.

"मी रोसविता. थोरबेनचा घसा बसलाय. चार वाजता खेळ आहे. तो नुसता फिरेल, हातवारे करेल. बाजूला उभं राहून गाशील का?"

ही पद्धत सगळीकडे आहे. एकाचं अंग आणि दुसऱ्याचा गळा. एकार्टने नाही म्हणायला तोंड उघडलं आणि म्हणाला, "किती वाजता येऊ?"

काळा सूट घालून, विंगेलगत, गाण्याची वही ठेवायच्या घोडीसमोर तो उभा राहिला. रिवाजाप्रमाणे थोरबेनने त्याच्या डाव्या खांद्यावरून तीनदा थुंकल्यासारखं केलं. याबद्दल कधी आभार मानायचे नसतात, मानले तर शुभेच्छा वाया जाते. एकार्ट मुद्दाम "आभार" म्हणाला. पोरगं पांढरं पडलं.

वाया काहीच गेलं नाही. तो आवाज त्या दिवशी जसा लागला तसा आधी कधी लागला नव्हता. गुडघे वाकवायचे नव्हते, खडक चढायचा नव्हता, फक्त गायचं होतं. खोक्यातल्या रोसविताने तिसऱ्या अंकात पुस्तक मिटलं आणि नुसती ऐकत बसली. शेवटी थोरबेन पुढे आला तेव्हा लोक उभे राहिले. पहिल्या रांगेतली एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, "काय देखणा गातो गं!" एकार्टने कडेला उभं राहून मान झुकवली. टाळ्या मिळाल्या, नाही असं नाही.

तो वही गोळा करत होता तेवढ्यात केसेनब्रोकबाई विंगेत आल्या. पर्समधून त्यांनी तिकिटाचा तुकडा काढला आणि त्याच्यासमोर धरला.

"अकरावी रांग. स्वतः काढलं, बरं का. तुम्ही म्हणाला होतात ना?"

रोसविता मागे येऊन उभी होती. तिला वाटलं, आता हा काहीतरी सणसणीत बोलणार. हवं तर आपण पुटपुटून देऊ, एवढी तिची तयारी होती. एकार्टने तिकिटाकडे बघितलं, मग बाईंकडे. सूटचं वरचं बटण त्याने दोन बोटांत धरलं.

"थोरबेनचा घसा बरा व्हायला किती दिवस लागतील?" त्याने विचारलं.

"आठवडाभर."

"बुधवारीही खेळ आहे," तो म्हणाला. "बोलवाल ना मला?"