चावऱ्या शिंगरांचे नाना

नाना घोड्याच्या तोंडाला कधी हात लावत नसत. घोडा दिसला की माणसाचा हात आपोआप त्याच्या कपाळाकडे, नाकाकडे जातो. फार्मवर येणारे पाहुणे, शेठची नातवंडं, लग्नाआधी फोटो काढायला आलेली जोडपी, सगळे तेच करत. नाना मात्र दोन्ही हात पाठीमागे बांधून, शाळा तपासायला आलेल्या साहेबासारखे, शिंगरापासून दोन पावलांवर उभे राहत. शिंगरू मान लांब करून त्यांचा सदरा हुंगे, टोपी हुंगे, मिशीवर गरम श्वास सोडे. नाना हलत नसत. त्याचं हुंगून झालं की बाजूने जाऊन मानेच्या मुळाशी, खांद्याजवळ खाजवत. “आई बी तठेच खाजाडस,” ते म्हणत. आईसुद्धा तिथेच खाजवते.

कामरेजच्या पुढे हायवे सोडून उसाच्या शेतांतून आत गेलं की शेठचा फार्म लागतो. शेठचा धंदा साड्यांचा, घोडे हौसेचे. प्रदर्शनात उतरवायची मारवाडी शिंगरं तिथे वाढत. पशुवैद्यकाची पदवी घेऊन मी तिथे नोकरीला लागले तेव्हा नानांनी साठी ओलांडली होती. तापीकाठच्या एका खानदेशी गावातून ते तरुणपणी सुरतेला आले, बावीस वर्षं लूमवर, कापडाच्या यंत्रमागावर, राबले, आणि लूम बंद पडल्यावर शेठकडे लागले. घर कोसाडच्या कॉलनीत. लूमच्या खडखडाटाने त्यांचे कान जवळजवळ गेले होते. फार्मवरचे लोक त्यांच्याशी ओरडून बोलत. माझे वडील बुलडाण्याहून येऊन भेस्तानला लूमवरच होते, त्यामुळे मला घरचीच सवय. पहिल्याच दिवशी मी समोर उभी राहून, ओठ दिसतील असं, सावकाश बोलले. नाना हसले. “घरमा कोन शे लूमवर?” एवढंच विचारलं.

ऐकू येत नसल्यामुळे असेल, नाना बघत फार. घोड्याचे डोळे, कान सगळेच बघतात. नाना खालचा ओठ आणि हनुवटी बघत. “हनुवटी बघा, बाई. तिथं गाठ आली की समजायचं, आता तोंड चालणार.” आणि तोंड चालायचंच. तरुण शिंगरांना, त्यातही नरांना, दोरी चघळायची, बाही ओढायची, साखळी दातात धरायची, चिमटा काढल्यासारखं चावायची खोड असते. कोणी तक्रार केली की नाना म्हणत, “तोंड म्हणजे त्याचा हात आहे. त्याला हात दिलेत का देवानं?”

हे त्यांचं म्हणणं पतंगमुळे पणाला लागलं. पतंग उत्तरायणाला, संक्रांतीला पतंग उडतात त्या दिवसांत, जन्मला म्हणून पतंग. चारी पाय पांढरे, कपाळावर पांढरा पट्टा, असा पंचकल्याणी देखणा नर. दोन वर्षांचा झाला तेव्हा शेठ त्याच्याकडे पाहून बोलताना आवाज खाली आणत. पण त्याचं तोंड एक क्षण स्वस्थ नसे. त्याला फिरवणारा हरीसिंग राजस्थानचा, हुशार माणूस, पण हाताचा तापट. पतंग चावला की तो त्याच्या नाकावर चापट मारी. पतंगने त्यावर तोड काढली. चावायचं आणि चापट यायच्या आत मान झटकून मोकळं व्हायचं. “हरीसिंगला वाटतं तो शिकवतोय,” नाना मला म्हणाले. “पतंगला वाटतं, खेळ चाललाय.”

पावसाळा सरल्यावर एक लहानसं प्रदर्शन होतं, तिथे पतंगला नेलं. परीक्षक जवळ आले तेव्हा हरीसिंगने दोरी हनुवटीखाली घट्ट आवळून धरली होती. पतंगने आधी परीक्षकांच्या हातातले कागद ओढले. लोक हसले. मग त्याने त्यांचा दंड धरला. रक्त आलं नाही, पण हिरवानिळा वळ उठला. पतंगला रिंगणाबाहेर काढायला सांगितलं. फार्मवर उतरल्यावर शेठ नानांना म्हणाले, “आ तो करडे छे, काका. आनुं शुं करवानुं?” हा तर चावतो, याचं करायचं काय? हरीसिंगचं मत होतं, तोंडातून साखळी घालावी, नाहीतर वरातीच्या बँडवाल्याला देऊन टाकावा.

वरातीचे घोडे मी तपासले आहेत. डीजे, फटाके, आणि हलता येऊ नये म्हणून दोन्ही बाजूंनी आवळलेली दोरी. पतंगचं तिथे काय झालं असतं ते मला दिसत होतं. नानांना तर जास्तच. ते म्हणाले, “दोन महिने द्या.” नानांना ऐकू येणार नाही म्हणून शेठनी दोन बोटं वर केली.

नानांनी पहिलं काम मला सांगितलं. “बाई, आधी त्याचं तोंड बघा.” मी ओशाळले. दोन वर्षं मी त्याला लशी टोचत होते, जंताचं औषध देत होते, पण तोंडात नीट बॅटरी मारून पाहिलं नव्हतं. गुंगीचं इंजेक्शन देऊन पाहिलं तर दाढेच्या पुढे एक इवलासा जादा दात, भोवतीची हिरडी सुजलेली, आणि एका हलत्या दुधाच्या दाढेखाली चारा अडकून कुजलेला. दोन्ही काढले. मला वाटलं, संपलं. जखम भरली, आणि आठव्या दिवशी पतंगने माझ्या खिशातला थर्मामीटर ओढला. नाना खदखदून हसले. “दुखणं गेलं. भीती कुठं गेली?”

मग त्यांनी एकेक गोष्ट बदलली. प्रदर्शनाची शिंगरं अंगाची झळाळी जाऊ नये म्हणून एकटी कोंडून ठेवत. नानांनी पतंगला सकाळ-संध्याकाळ एका म्हाताऱ्या घोडीबरोबर रानात सोडलं. तो तिला चावायला गेला की ती नुसते कान मागे पाडी, आणि पतंग शहाण्यासारखा बाजूला होई. चंदी, म्हणजे दाणा, दोन वेळची, पण गवत दिवसभर समोर. हातातून गाजर-गूळ द्यायला सगळ्यांना बंदी, शेठच्या नातवंडांनासुद्धा. आणि दोरी लांब धरायची. “आखूड झाली की त्याला तोंडापुढं दुसरं काही उरतच नाही.” चावायला आला तर ओरडायचं नाही, मारायचं नाही. एक पाऊल मागे घ्यायला लावायचं, वळवायचं, काम द्यायचं, आणि काही झालंच नाही असं पुढे चालायचं.

हरीसिंग मुलीच्या लग्नाला गावी गेला होता. नानांचे गुडघे धावण्याजोगे नव्हते. त्यांनी दोरी माझ्या हातात दिली. मी घोड्यांना सुई टोचणारी, त्यांना रिंगणात फिरवणारी नव्हे. नाना उलट्या बादलीवर बसले. मी लांब धरायची ठरवून गेले आणि चार पावलांत माझा हात हनुवटीखाली पोचला. पतंगने दोरी दातात धरली आणि जोरजोरात चघळायला लागला.

“तू घाबरी ऱ्हायनी, माय,” नाना म्हणाले. “तो नई.”

बाईची मी माय झाले ती त्या दिवशी. मी म्हटलं, मी कुठे घाबरले? त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. माझ्या ओढणीचं टोक माझ्या दातांत होतं.

“आता मी तुझ्या नाकावर मारू का?”

मला हसू फुटलं, आणि हसताना छातीत अडकलेला श्वास बाहेर पडला. पतंगने कान फिरवले, तोंड उघडलं, दोरी सोडली. “देख,” नाना म्हणाले.

त्याच आठवड्यात मी त्यांना विचारलं, “नाना, तुम्ही कधीच मारलं नाही का?” ते गवताची पेंढी सोडत होते. ती पूर्ण सोडून झाल्यावर बोलले.

त्यांच्या वडिलांकडे एक शिंगी, म्हणजे तरुण घोडी, होती, चिमणी. ती चावायची. नाना तेव्हा अठरा-एकोणीस वर्षांचे. त्यांनी तिची खोड मोडायचं मनावर घेतलं. चावली की तोंडावर काठीची मूठ. महिनाभरात चावणं बंद झालं. गाव म्हणालं, पोरगा घोड्यातला जाणता आहे. पुढे बाजारात एका गिऱ्हाइकाने कौतुकाने तिच्या कपाळाकडे हात नेला. चिमणी दोन पायांवर उभी झाली, मागे गेली, आणि दगडी बांधावरून उताणी पडली. पाठ मोडली.

“तिनं तो माणूस पाहिलाच नाही,” नाना म्हणाले. “तिला फक्त हात दिसला. आन तो हात माझा होता. लोक म्हणाले, घोडी बिथरली. मी कोणाला काही बोललो नाही.” त्याच वर्षी ते सुरतेला आले. बावीस वर्षं घोड्याजवळ गेले नाहीत. “लूम बरी,” ते म्हणाले, “तिला भीती नई.”

हिवाळ्यातल्या प्रदर्शनात पतंगला नानांच्या सांगण्यावरून मीच नेलं. नाना कुंपणाबाहेर होते. ढोल सुरू झाला आणि पतंगच्या हनुवटीवर गाठ आली. त्याने दोरी धरली. मी श्वास सोडला, त्याला एक पाऊल मागे घेतलं, पुन्हा उभं केलं. परीक्षक आले. पतंगने त्यांची बाही हुंगली. त्याने बाही सोडून दिली आणि दुसरीकडे पाहू लागला. तिसरा नंबर आला. शेठनी पेढे वाटले आणि बँडवाल्याचं नाव पुन्हा काढलं नाही. नानांनी नंबर विचारला नाही. “दोरी कितीदा धरली?” म्हणाले. मी दोन बोटं दाखवली. “दोनदा चालस.”

पुढच्या वर्षी गुडघ्यांनी अगदीच साथ सोडली, तेव्हा नाना आणि त्यांच्या पत्नी, ज्यांना सगळे जिजी म्हणत, गावी परतले. त्यांना फोनवर ऐकू येत नसे. मी जिजींशी बोले आणि मागून नानांचा मोठा आवाज येई, नव्या शिंगरांची चौकशी करणारा. दीड वर्षाने जिजींचा फोन आला तेव्हा मागे काही आवाज नव्हता. दोन दिवसांच्या तापात नाना गेले होते.

मी दोन दिवसांची रजा काढून गेले. घरामागे पत्र्याची शेड होती आणि शेडमध्ये एक तांबडी शिंगी उभी होती, दीड वर्षाची. मला काहीच ठाऊक नव्हतं. जिजी म्हणाल्या, “गेल्या पोळ्याले आनी. तुले सांगू नको म्हने. नीट उभी ऱ्हायला लागली की बोलवू, म्हने.”

नानांचा मुलगा शिंगी विकायचं म्हणत होता. रविवारी माणूस बघायला येणार होता. शिंगी जिजींचा पदर तोंडात धरायची, जिजी घाबरून चंदीची पाटी टाकून पळायच्या, आणि शिंगी आणखी बावरायची. “काल मी तिले मारं,” त्या म्हणाल्या. “नाकवर. मंग मीच रडनू.” मग त्या माझ्याकडे वळल्या. “माले नई इकनी. माले शिकाड, माय.”

साठी उलटलेल्या जिजींनी आयुष्यात घोड्याची दोरी धरली नव्हती. मी ती त्यांच्या हातात दिली, लांब, आणि बाजेवर जाऊन बसले. शिंगीने पदर हुंगला. जिजींचे खांदे कानापर्यंत गेले. “श्वास सोडा, जिजी,” मी म्हटलं. पहिल्या दिवशी ते त्यांना एकदाही जमलं नाही. मी शेठना फोन करून रजा वाढवून घेतली. रविवारी माणूस आला, चहा पिऊन परत गेला.

सहाव्या दिवशी मी पिशवी भरली. मुलगा म्हणाला, आई, चल, ताईंना स्टँडपर्यंत सोडून येऊ. जिजी जागच्या हलल्या नाहीत. “तू जा सोडाले,” त्या म्हणाल्या, “तिनी चंदीनी येळ व्हयनी.” आणि पदर खोचून, एक लांब श्वास सोडून, मागच्या दाराने शेडकडे निघून गेल्या.