माणिकराव सरांची दारातली वही

माणिकराव सर कॉम्प्युटरपाशी बसण्याआधी दाराच्या खिळ्याला टांगलेली वही काढायचे. ताडकळसच्या आमच्या कॉलेजात लॅबमधल्या कुठल्याही मशीनवर नवं काही टाकलं, की त्या वहीत लिहून सही करायची, हा त्यांचा कायदा. मीही तिथेच शिकवायचो आणि मला ती निव्वळ कटकट वाटायची. "मशीन आपसूक बिघडत न्हाई, दत्ता," ते म्हणायचे. "कुणीतरी काहीतरी टाकलेलं असतंय. आधी ते इचारावं."

त्यांच्या टेबलावरच्या मशीनमध्ये आणखी एक कॉम्प्युटर होता. म्हणजे खरोखरचा नव्हे. एका सॉफ्टवेअरच्या आत जुनं विंडोज चालायचं आणि त्यात त्यांच्या मुलीने, शीतलने, बारावीत असताना तयार केलेला पाढ्यांचा खेळ. नव्या विंडोजवर तो चालतच नसे. शीतल तापाने गेली, त्याला बरीच वर्षं झाली होती. पेडगावहून मोटारसायकलवर आले की सर हेल्मेट काढायच्या आधी तो खेळ उघडायचे, एक उत्तर चुकीचं टाकायचे आणि हसायचे. चुकीचं का, हे मी कधी विचारलं नाही.

सर हृदयाच्या बायपाससाठी दवाखान्यात भरती व्हायच्या आठवड्यात ते सॉफ्टवेअर उघडेचना. पडद्यावर ड्रायव्हरची, म्हणजे आत गुपचूप चालणाऱ्या छोट्या प्रोग्रामची, काहीतरी तक्रार यायची आणि सगळं बंद. सरांनी वही चाळली. मग मला विचारलं, "ह्याच्यात नवं काय टाकलंस का रे?"

"न्हाई सर."

आदल्या दिवशी ते तपासणीला गेले असताना मी त्यांच्याच मशीनवर मोबाइलचे खेळ चालवणारं एक सॉफ्टवेअर टाकून पत्ते खेळलो होतो. नंतर काढूनही टाकलं होतं. काढलं म्हणजे गेलं, अशी माझी समजूत. आणि पत्ते खेळलो, हे त्या वहीत लिहिणार कसं?

तीन दिवस सर एकेक ड्रायव्हर बंद करायचे, मशीन पुन्हा चालू करायचे आणि वहीत फुली मारायचे. आधी अँटिव्हायरसचा, मग प्रिंटरचा. जिना चढताना दम लागायचा, तरी यायचे. माझा शब्द त्यांनी खरा धरला होता, म्हणून ते सगळीकडे शोधत होते, फक्त तिथे नाही. चौथ्या दिवशी काकू, सरांच्या पत्नी, त्यांना दवाखान्यात न्यायला आल्या. "आल्यावर बघू," सर म्हणाले. "तू हात लावू नको. लय घाई हाय तुला."

सर आलेच नाहीत.

तेराव्यानंतर मी वही घेऊन बसलो. त्यांच्या शेवटच्या फुलीपासून एकेक ड्रायव्हर बंद करत गेलो. तिसराच माझ्या पत्त्यांच्या सॉफ्टवेअरचा निघाला. सॉफ्टवेअर गेलं तरी तो मागे राहिला होता. तो काढला, मशीन पुन्हा चालू केलं. पाच मिनिटांचं काम. मी खरं बोललो असतो तर सर तो खेळ बघून गेले असते. याला क्षमा नाही, आणि मागायची तरी कुणाकडे?

पडद्यावर प्रश्न आला, सात सक किती? मी चाळीस टाकले.

पडद्यावर शीतलने लिहून ठेवलेली ओळ आली: "बाबा, परत चुकलात!"