अणूंच्या ढगासाठी थांबलेले दोन दिवस

सोलापूर स्टेशनवर माझ्या वडिलांनी, अण्णांनी, माझी बॅग बर्थखाली सरकवली आणि उतरून खिडकीशी उभे राहिले. बार्शीच्या शाळेत त्यांनी जन्मभर विज्ञान शिकवलं होतं. "चेन्नईत पीएचडीला नेमकं काय करणार, पुन्हा सांग," म्हणाले. मी सांगितलं, अणूंचा एक ढग लेझरच्या सापळ्यात धरायचा, कमालीचा थंड करायचा आणि हलकासा धक्का द्यायचा. मग सगळे अणू मिळून हेलकावे घेतात. एरवी हे हेलकावे लवकर विरतात. पण वायू अतिप्रवाही झाला, म्हणजे घर्षणाशिवाय वाहू लागला, तर बराच वेळ टिकतात.

"टिकले की कळव," एवढंच म्हणाले. गाडी हलली.

चेन्नईतल्या वेलचेरीत खोली मिळाली. घरमालकीण अक्का तंजावरकडच्या मराठी. "जेवलीस का मा?" असं तमिळ हेल काढून विचारायच्या, आणि मी घरी फोन लावायचे. पुढे रसम अंगवळणी पडलं. शेअर ऑटोत सरकून बसा म्हणण्यापुरतं तमिळ आलं. घरचे फोन कमी झाले, ते माझ्याकडूनच.

चौथ्या वर्षी ढग एकदाचा हवा तितका थंड झाला. त्याचा फोटो काढला की तो नष्ट होतो, म्हणून आलेखातल्या प्रत्येक बिंदूसाठी नवा ढग बनवावा लागतो. ते काम अर्ध्यावर असताना दादाचा फोन आला. अण्णांच्या फुप्फुसात पाणी झालं होतं, दवाखान्यात ठेवलं होतं. त्यांनी फोन मागून घेतला. "हातातलं काम टाकून येऊ नकोस," म्हणाले. दोन वाक्यांमध्ये त्यांना श्वास घ्यावा लागत होता. तो मी ऐकला, आणि तरी थांबले.

तुम्ही गावी राहिलेले मला अजून विचारता, का थांबलीस? बाहेर पडलेले कुणी विचारत नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी आलेख पूर्ण झाला. हेलकावे विरले नव्हते. लॅबमध्ये आम्ही टाळ्या वाजवल्या, मी हसले. फोन आमच्या नियमाप्रमाणे बाहेरच्या कपाटात होता. अण्णांना सांगायला तो बाहेर काढला, तर दादाचे सहा मिस्ड कॉल.

"सकाळपासून विचारत होते, झालं का तिचं," दादा म्हणाला. "मी सांगितलं, झालं. खोटंच सांगितलं. मग शांत पडून राहिले."

ते नेमके केव्हा गेले, हे मी दादाला विचारलेलं नाही. माझं काम तोवर झालं होतं की नव्हतं, हे मला जाणून घ्यायचं नाही.

बार्शीचं घर आम्ही सोडलं. आई दादाकडे पुण्याला गेली. गेल्या महिन्यात पंधरा दिवस माझ्याकडे आली होती. अक्कांशी तिचं छान जमलं. दोघी एकमेकींच्या मराठीला हसायच्या. मी म्हटलं, "आई, इथेच राहा ना."

ती माझ्या कपड्यांच्या घड्या घालत होती. मान वर न करता म्हणाली, "तुझ्या घरी किती दिवस राहू गं?"

तुझ्या घरी. तिने ते सहज म्हटलं. आजवर आमच्या बोलण्यात घर म्हणजे बार्शीचंच असायचं. मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून उभी राहिले.