इंदापूरचा बिस्ट्रो आणि एक गुपचूप चौकशी

नव्वदचं दशक सरत आलं होतं. बारामतीहून इंदापूरला मी एका नव्या हॉटेलात जेवायला गेलो, असं तेव्हा सगळ्यांना सांगितलं. खरं तर बहीण सिंधूसाठी आलेल्या स्थळाची चौकशी करायची होती. मुलगा सुभाष बोटीवर कामाला लागून फ्रान्सला उतरला, तिथं चार वर्षं एका बिस्ट्रोत, म्हणजे तिकडच्या छोट्या खाणावळीत, मोठा आचारी होता आणि आता त्यानं इंदापूरबाहेर हायवेला तसंच हॉटेल काढलंय, असं मध्यस्थ सांगत होता. मला त्यातलं एकही वाक्य पटलं नव्हतं. वडील, म्हणजे तात्या, म्हणाले, "डोळ्यानं बघून ये. तू सांगशील तसं कळवू." सिंधूचं लग्न माझ्या शब्दावर येऊन थांबलं होतं.

सकाळची एसटी धरली. त्या वेळी जाणार असाल तर उजवीकडं बसू नका, ऊन लागतं. सणसरच्या पुढं रस्ता उखडलेला, त्यात उसाच्या गाड्या. निमगाव केतकीला गाडी थांबली, तिथला चहा बरा होता. इंदापूर स्टँडवरून हायवेनं वीसेक मिनिटं चाललो.

हॉटेल बघितलं आणि शंका वाढली. टेबलं सहाच, तीही कॅरमबोर्डाएवढी. दारातल्या काळ्या पाटीवर खडूनं तीनच पदार्थ लिहिलेले: कांद्याचं सूप, मटण-बटाटा, जळक्या साखरेचं कस्टर्ड. शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती, त्याचाही मला संशय आला. ज्याला फारसं येत नाही तोच तीन पदार्थांवर भागवणार, असं मी धरून चाललो.

"दालफ्राय हाय का?" एका ट्रकवाल्यानं विचारलं.

"आज एवढंच हाय," सुभाष म्हणाला. ट्रकवाला तरीही बसला.

सूप आलं. कांदा तपकिरी होईतो परतलेला, वर पावाचा तुकडा. सावकाश चाखून बघितलं, खोट सापडली नाही. आपल्याकडं शेवटचा घास तोंडात असतानाच टेबलावर फडकं फिरतं. इथं कोणी कोणाला उठवत नव्हतं. शेजारी एक आबा रिकाम्या कपापुढं तासभर पेपर वाचत होते.

"असं कसं परवडतं?" मी सुभाषला विचारलं.

"तिकडं लोक बिस्ट्रोत जेवायला कमी आन् बसायला जास्त येत्यात. सकाळी बाजारात जे चांगलं घावंल तेच शिजवायचं. पावसात काचंवर वाफ धरायची, आन् घरी जायची घाई कुणालाच नसायची."

मी बियाणं विकणारा आहे, असं त्याला सांगून ठेवलं होतं. मग अगदी सहज विचारलं, "गाव कोणतं तुमचं?" आणि लगेच, "मामा कुठले?"

आबांनी पेपर खाली घेतला. "सुभाषराव, जेवायला आलेला मानूस मामाचं गाव इचारत न्हाय. पोरगी कुनाची हाय तेवढं इचारून घ्या."

ट्रकवाल्याला हसता हसता ठसका लागला. माझे कान तापले.

सुभाष खुर्ची ओढून समोर बसला. "मामा डाळजचे. आता मी सांगतो ते ऐका. मध्यस्थानं आचारी सांगितलं आसंल. तीन वर्षं मी भांडी घासली. चुलीम्होरं शेवटच्या वर्षी हुबा राह्यलो. ते घरी सांगा. लपवून सोयरीक नगं."

जेवणाचे चाळीस रुपये त्यानं मोजून घेतले. पाहुणा म्हणून सोडले असते तर मला वेगळीच शंका आली असती. माणूस आपलीच उणी बाजू का सांगतो, हे कोडं मात्र परतीच्या गाडीत सुटेना.

घरी सगळं जसंच्या तसं सांगितलं.

"भांडी घासली?" तात्या म्हणाले. "सोयऱ्यांत काय सांगायचं मग?"

सिंधू भाकरी थापत होती. हात न थांबवता तिनं विचारलं, "आन् आता?"

"आताही घासतो. माझं ताट त्यानंच उचललं."

"मग कळवा त्यास्नी," ती म्हणाली. "सोयऱ्यांत सांगायचं मी बघते."

बिस्ट्रो म्हणजे नेमकं काय, हे मला आजही नीट सांगता येणार नाही. सिंधूकडं जेवायला गेलो की ताटं वाळेपर्यंत कोणी उठत नाही. पहिली काही वर्षं मला वाटायचं, यांना माझ्याकडून काहीतरी हवंय.