शुभांगीची जुनी फाइल

"मावशी, शुभांगीदीदीचं कॅशलेस रिजेक्ट होऊन गेलं," विवेक फोनवर म्हणाला, आणि खरं सांगायचं तर मला आधी आनंद झाला. वाईट वाटलं ते नंतर.

मी देवासला बावीस वर्षं हेल्थ इन्शुरन्सची एजंट आहे. विवेक माझ्याच हाताखाली शिकला. फॉर्म कसा भरायचा, कटकट्या ग्राहकाशी कसं बोलायचं, सगळं माझ्या बाहेरच्या खोलीत बसून, माझा चहा पिऊन. मग त्याने दुसऱ्या कंपनीची एजन्सी घेतली, गाडी घेतली आणि माझे ग्राहक एकेक करून न्यायला लागला. शुभांगी त्यातलीच. तिचं माहेर देवासचं, सासर धारचं. तिची पहिली पॉलिसी तिच्या आईने, कुमुदताईंनी, लग्नाआधी माझ्याकडूनच काढली होती. ती मला सोडून विवेककडे गेल्याचं मला चैत्रातल्या एका हळदीकुंकवात तिसरीकडूनच कळलं. कुमुदताई तिथेच होत्या. माझी नजर चुकवून त्यांनी आंब्याची डाळ आणखी वाढून घेतली.

शुभांगी पीथमपुरात औषधांच्या फॅक्टरीत पॅकिंग तपासते. आठ तास उभं राहायचं, वर शिफ्टच्या बससाठी उभं राहायचं. तिच्या पायांच्या शिरा फुगून वर आल्या होत्या. व्हेरिकोज व्हेन्स. यात शिरांमधल्या झडपा सैल पडतात आणि रक्त वर चढायचं सोडून खालीच साचतं. लोकांना वाटतं, नुसतं दिसायला वाईट. शुभांगीच्या घोट्याजवळ जखम झाली होती आणि तीन महिने ती भरत नव्हती. डॉक्टरांनी डॉप्लर, म्हणजे शिरांची सोनोग्राफी, केली आणि लेझरने शीर बंद करायला सांगितलं. उशीर करू नका, असंही बजावलं.

कॅशलेस, म्हणजे हॉस्पिटलचं बिल परस्पर भरणं, नाकारताना कंपनीने वेटिंग पीरियडवर बोट ठेवलं होतं. काही आजारांचा खर्च पॉलिसीच्या पहिल्या दोन वर्षांत मिळत नाही, आणि व्हेरिकोज व्हेन्स बहुतेक त्या यादीत असतात. पॉलिसी एका कंपनीतून दुसरीत नेली, म्हणजे पोर्ट केली, तर मागची वर्षं धरली जातात. पण ती कागदावर दाखवावी लागतात. शुभांगीची पहिली चार वर्षं जुन्या नंबरवर होती. लग्नानंतर नवऱ्याबरोबर फॅमिली पॉलिसी केली तेव्हा नंबर बदलला. विवेकने पोर्ट करताना फक्त त्या नव्या नंबरच्या एका वर्षाचा कागद जोडला होता.

आधीचे कागद माझ्या कपाटात होते. इथल्या आमच्या मराठी घरांची ही जुनी रीत. पॉलिसी हातात आली की एजंटलाच परत देतात, "तुमच्याकडेच असू द्या, आमच्याकडे हरवेल." आता जिला न सांगता सोडलं तिच्याच दारात कागद मागायला कोण येणार? भिडेपोटी कोणीच आलं नाही.

"जुने कागद तुमच्याकडेच पडले असतील ना? मी येऊन घेऊन जाऊ का?" विवेकने विचारलं.

"शोधावे लागतील," मी म्हटलं.

शोधायचं काय होतं? दोन मिनिटांत फाइल हाती लागली. ती मी टेबलावर ठेवली, वर वर्तमानपत्र टाकलं आणि विवेकला रोज "बघतेय" म्हणत राहिले. तिसऱ्या दिवशी तर फोन उचललाच नाही. करू दे धावाधाव, असं वाटत होतं. ग्राहक नेताना मला विचारलं होतंस का? मधे शुभांगीचा पाय अडकलाय हे मला कळत होतं, पण मत्सरापुढे ते मी मागे ढकललं.

चौथ्या दिवशी शुभांगीच आली. धारहून, इंदूरला बस बदलून. माझा जिना चढायला तिला फार वेळ लागला.

"सहजच आले," म्हणाली. तिने कागदांचा विषयही काढला नाही. तिला नीट बसता यावं म्हणून मी टेबल सरकवलं आणि वर्तमानपत्र खाली पडलं. फाइलवर तिचं माहेरचं नाव माझ्या ठळक अक्षरात लिहिलेलं.

"मावशी, ही माझीच ना?"

"आत्ताच सापडली," मी म्हटलं.

दोन्ही हातांनी पाय उचलून तिने स्टुलावर ठेवला. पट्टीवर ओलसर पिवळा डाग होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिच्यासमोरच मी विवेकला फोन लावला आणि पूर्वीसारखं "लिहून घे" म्हटलं. प्रत्येक वर्षाची पॉलिसी कधी सुरू झाली, कधी संपली, मधे एका दिवसाचाही खंड नाही. सोबत डॉप्लरचा रिपोर्ट. शिवाय डॉक्टरांचं पत्र, की जखम आहे, हा सुंदर दिसण्यासाठीचा इलाज नाही. त्याने निमूट लिहून घेतलं आणि फाइल मी शुभांगीच्या हाती दिली. आठवड्याभरात कंपनीने निर्णय फिरवला. इंदूरला लेझर झालं, संध्याकाळी शुभांगी घरी. दीड महिन्यात जखम भरली आणि ती पुन्हा शिफ्टच्या बसमध्ये चढली.

विवेकने तिच्याबरोबरचा फोटो स्टेटसला टाकला. खाली लिहिलं, 'मेहनत रंग लाई'. कोणाची, ते लिहिलं नाही. मी तो फोटो दिवसातून चारदा बघितला.

मग एका सकाळी कुमुदताई पेढ्यांचा डबा घेऊन आल्या. मी हात पुढे केला.

"विवेककडे निघाले होते," त्यांनी डबा उघडून मला एक पेढा दिला. "तुमचं घर वाटेतच, म्हटलं दोन्ही मुलांच्या पॉलिस्यांचे कागदही घेऊन जावेत. आता सगळं एकाच ठिकाणी राहिलेलं बरं, नाही का?"

शुभांगीचे दोन्ही भाऊ तोवर माझेच ग्राहक होते. मी फाइली काढून दिल्या. पिशवीसुद्धा माझीच दिली.

त्याच आठवड्यात उरलेल्या सगळ्या ग्राहकांचे कागद मी घरोघरी पोचवले. पॉलिसी ज्याची त्याच्याच घरी असावी, हे मी आता सगळ्यांना सांगते. त्यात त्यांचं भलं आहेच. शिवाय कोणाला विवेककडे जायचंच असेल, तर त्याने निदान माझ्या दारावरून तरी जाऊ नये.